बहिऱ्या पुळणीची शिडी

काला सुर्दाच्या कड्यावर पहिल्यांदा येणारे लोक क्षणभर गप्प होतात आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. खाली मूठभर पांढरी पुळण, तळाचा खडा दिसेल असं नितळ पाणी, तिन्ही बाजूंनी उभा कडा आणि समुद्राच्या तोंडाशी असे खडक की होडी आत शिरूच शकत नाही. पायी यायचं, नाहीतर यायचं नाही. पाठीवर पिशव्या बांधून लांबलांबच्या देशांतून येणाऱ्यांना याचंच कौतुक. सिदोरा फोद्दिसला मात्र ते कौतुक ऐकून ऐकून वीट आला होता. एकदा एका जर्मन बाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि दुभाष्याकडून सांगितलं, "तुम्ही स्वर्गात राहता." सिदोरा म्हणाली, "मग आज स्वर्गातलं पाणी तुम्ही वाहून आणा, मी जरा बसते." दुभाष्याने त्याचं काय केलं देव जाणे, कारण बाई डोळे पुसत पुसत निघून गेली.

सिदोरा तेव्हा छप्पन वर्षांची होती. अठराव्या वर्षी ती गावातून या कड्यावरच्या दगडी खोपटात आली, ती करडं मोठी होईपर्यंत म्हणून. आई नुकतीच गेली होती, बापाला हाताखाली माणूस हवं होतं. ती करडं मोठी झाली, त्यांना करडं झाली. पुढे बाप गेला आणि थोरला भाऊ बाकिस उरला. गाव तीन तासांच्या चालीवर. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि गावच्या संताच्या जत्रेला, सिदोरा गावात जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

बाकिस वाईट माणूस नव्हता हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या गावात अजून यावर वाद होतात. तो दारू पीत नसे, आवाज चढवत नसे. सिदोराला त्याने जन्मात कधी "जाऊ नको" म्हटलं नाही. तो "जा की" म्हणायचा आणि मग पुढे एक "फक्त" लावायचा. जा की, फक्त एवढं चीज धुरावर ठेवून होऊ दे. जा की, फक्त गाभण बकऱ्या मोकळ्या होऊ देत. अकरा वर्षांपूर्वी तो दरडीवरून घसरला आणि त्याचा उजवा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून त्याला उकिडवं बसता येईना. आमच्याकडे बकरी मागून, उकिडवं बसून पिळतात. म्हणजे चाळीस बकऱ्यांची धार सकाळ-संध्याकाळ सिदोराने काढायची, आणि बाकिसने उभ्याने करायची ती कामं करायची. त्यानंतर त्याला "फक्त" म्हणायचीही फारशी गरज पडली नाही. तो नुसता गुडघ्यावर हात ठेवायचा.

आता खोडाबद्दल सांगायला हवं. कड्यावरून पुळणीकडे जाणारी वाट एका जागी तुटते. तिथे तेरा-चौदा हात उंच गुळगुळीत भिंत आहे. त्या भिंतीला जुनिपर नावाच्या चिवट रानझाडाचं एक अख्खं खोड टेकवलेलं असतं. फांद्या वीतभर ठेवून छाटलेल्या, त्याच पायऱ्या. पलीकडच्या रानातले लोक पूर्वी रात्रीतून खाली उतरून करडं पळवायचे, म्हणून आमच्या बापजाद्यांचा नेम असा की शेवटी वर येणाऱ्याने दोर ओढून खोड वर घ्यायचं आणि झुडपात आडवं टाकायचं. खाली कुणी आहे की नाही हे वरून कळत नाही, कारण कडा पुढे आलेला आहे आणि खालची हाक वर येत नाही. त्या पुळणीचं नावच मुळी बहिरी; काला सुर्दा म्हणजे बहिरी पुळण. म्हणून दुसरा नेम: डोक्यावरचं वर ठेवून खाली जायचं. बाप्यांनी टोपी, बायांनी डोईचा रुमाल, खोडाच्या वरच्या टोकाशी खुंट्याला अडकवायचा. खुंट्याला काही दिसलं तर खोडाला हात लावायचा नाही. खुंटा मोकळा असेल तर खोड वर. यात विचार करायचा नसतो. हात आपोआप दोराकडे जातात.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मल्लेना गावातून चालत आली. सिदोरा आणि ती लहानपणी शाळेत एका बाकावर बसायच्या. पाठीवर कडक भाकऱ्यांचं गाठोडं, तोंड लाल.

"जिवंत आहेस का?" तिने दारातूनच विचारलं.

"मरायला सवड मिळाली नाही," सिदोरा म्हणाली. "बस. पाणी घे."

"पाणी नंतर. आधी ऐक. बालवाडीतली स्वयंपाकीण काम सोडून घरी बसली. त्या कामासाठी अर्ज केलेल्यांच्या यादीतली पहिली होती ती मुलाकडे तोरीनो शहरात राहायला गेली. आता दुसरं नाव कुणाचं आहे?"

चार वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी दोघींनी मिळून तो अर्ज भरला होता, थोडा गंमत म्हणून, थोडा नाही.

"माझं?"

"तुझं. गुरुवारी दुपारी बाराच्या आत गावच्या कचेरीत सही करायची. नाही केलीस तर तिसरं नाव."

"तिसरी कोण?"

"मी." मल्लेनाने पाण्याचं भांडं एका दमात रिकामं केलं. "आणि मी काही संतीण नाही हं. पोरगी नवऱ्याशी भांडून घरी आलीये, दोन पोरं घेऊन. बारा वाजून एक मिनिट झालं की मी सही करणार. नंतर म्हणू नकोस, मल्लेनाने गुपचूप ढापली. म्हणून तर तंगड्या तोडत आले."

"तू आलीच नसतीस तर मला कळलंही नसतं."

"ते मला काय ठाऊक नाही? वाटेत तीनदा मागे वळले." ती उठली. "पुढच्या साली तू सत्तावन्नची होणार, मग यादीतून नाव जातं. ही शेवटची वेळ. येणार असशील तर ये, नसशील तर आत्ता सांग. माझा जीव टांगणीला नको."

"येते," सिदोरा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

तीस पोरांचा स्वयंपाक. नळाचं पाणी. दिवसभर माणसांचे आवाज, दारावरून जाणारी बाई "काय गं, आज काय शिजतंय" म्हणून विचारणार. सिदोराला दुसरं काही नको होतं. एवढंच तिला अडतीस वर्षं हवं होतं, आणि हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, मल्लेनाजवळसुद्धा.

रात्रीच्या जेवणाला तिने बाकिसला सांगितलं.

"जा की," तो म्हणाला. चमचा थांबला नाही. "तुला काय कुणी बांधून ठेवलंय?"

ती वाट बघत राहिली. त्याने भाकरीच्या तुकड्याने वाडगा पुसला, तुकडा खाल्ला, मग गुडघ्यावर हात ठेवला.

"फक्त खालची दोन करडं वर आणून दे. परवाच जन्मलीत, गारठ्यात मरतील. हा पाय घेऊन मी काय ते खोड उतरत नाही. उद्या दुपारी आण, परवा पहाटे नीघ. मी कुठे नाही म्हणतोय."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्याच्या कुठल्याच "फक्त"मध्ये ती नसायची, तेच तर दुखणं होतं.

बुधवारी दुपारी सिदोरा पोतं घेऊन निघाली. वाटेत तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: तीस पोरांना दोन मुठी मीठ लागेल की एक पुरेल. झुडपातलं खोड भिंतीला सोडून ती पुळणीवर उतरली. गुहेत दोन बकऱ्या आपापली करडं चाटत उभ्या होत्या आणि मांका नावाची म्हातारी बकरी उगीच त्यांना सोबत करत होती. एक करडू सड धरत नव्हतं. ते आचळाला लावून, त्याच्या घशाखाली दूध उतरेपर्यंत तिथे वेळ गेला. दोन्ही करडं पोत्यात घालून ती भिंतीपाशी आली तेव्हा उन्हं कलली होती.

भिंतीला खोड नव्हतं.

तिने हाक मारली. आणखी मारली. आवाज कड्याला लागून परत तिच्याच अंगावर आला. मग ती थांबली, कारण हाका मारण्यात अर्थ नाही हे या पुळणीवर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि मग तिला राग आला, आयुष्यात कधी आला नव्हता असा. केलंस ना शेवटी, बाकिस. तोंडाने "जा की" म्हणालास आणि हाताने दोर ओढलास. ती भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने बोलायला लागली. चीज, गाभण बकऱ्या, गुडघा, बापाच्या मागे वर्षभर घातलेले दुखवट्याचे काळे कपडे, एकविसाव्या वर्षी तिला मागणी घालायला आलेला सुतार, त्यालाही बाकिस म्हणाला होता, "न्या की, फक्त यंदाचा हंगाम होऊ दे." सुताराने हंगामाची वाट पाहिली नाही. सगळं सगळं ती बोलली. पोत्यातली करडं घाबरून ओरडायला लागली. घाम पुसायला तिने कपाळावर हात नेला आणि हाताला रुमाल लागला.

रुमाल डोक्यावरच होता. तिने तो खुंट्याला अडकवलाच नव्हता.

सिदोरा मटकन वाळूत बसली. अडतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. तापाने फणफणलेली असताना झालं नव्हतं, बापाला पुरून आल्यावर झालं नव्हतं. आणि आजच कसं झालं? मिठाच्या नादात विसरले, तिने स्वतःला सांगितलं. पण अंधारात, गुहेत, दोन करडं पोटाशी धरून बसल्यावर तिला तेवढं पुरेना. तिला गावाची भीती वाटत होती. हे तिने त्या रात्री पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. तीस पोरं आणि त्यांच्या आया, पायऱ्यांवर बसून नावं ठेवणाऱ्या बायका, बकरीचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्या. न जाण्याचं खापर फोडायला आजवर बाकिसचं डोकं होतं. आज तेही नव्हतं. कदाचित हातच म्हणाला असेल, राहू दे रुमाल. तिला रडू आलं ते याचं.

सकाळी सूर्य थेट समुद्रातून वर आला आणि सगळी पुळण उजळली. पाणी हिरवं झालं, मग निळं. सिदोरा वाळूत पाय पसरून बसली होती. हातात काम नसताना ती इथे पहिल्यांदाच बसली होती. जागा सुंदर होती, यात शंकाच नाही. तिला ती जागा उचलून समुद्रात फेकून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात मांका गुहेतून बाहेर आली, अंग झटकलं आणि कड्याच्या उत्तर टोकाला चालू लागली. ती रोज सकाळी मिठाचा दगड चाटायला वर जायची. बकऱ्यांची कपारीतली वाट माणसाची नाही, हे आमच्याकडे पोरांना चालायला लागल्यावर पहिलं शिकवतात. तिथे पाऊल मावत नाही, चवडा मावतो. सिदोराच्या चुलत्याचा एक मुलगा तिथूनच पडला होता.

तिने करडं त्यांच्या आयांपाशी सोडली. पोतं तिथेच टाकलं. रिकाम्या हातांनी ती या पुळणीवरून कधी वर गेली नव्हती.

ती मांकाच्या मागे चढली असं म्हणणं बरोबर नाही, ती मांकाच्या मागे भिंतीला चिकटली आणि बोटाबोटाने सरकली. बकरी जिथे खुर ठेवायची तिथे ती चवडा ठेवायची. एका ठिकाणी कपार संपली आणि मांका सरळ उडी मारून पलीकडे गेली. सिदोरा तिथे किती वेळ उभी राहिली हे तिला कधीच सांगता आलं नाही. मागे वळता येत नव्हतं, वळायला जागा नव्हती. खाली बघितलं तर पाणी. तिने डावा बूट पायाने ढकलून काढला, तो खाली जाऊन पडल्याचा आवाजही आला नाही. मग अनवाणी पायाच्या बोटांनी पलीकडचा कंगोरा धरला आणि अंग तिकडे टाकलं. गुडघे सोलले, हनुवटी फुटली. "चल गं बाई, चल," ती मांकाला म्हणत होती, आणि मांका पुढे चालली होती, मागे कोण मरतंय याची तिला काय पडली होती.

ती वर पोचली तेव्हा नऊ वाजायला आले असावेत. खोपटाकडे येताना तिला आधी बाकिसची पाठ दिसली. तो बकऱ्यांच्या कुंपणात होता. धार काढत होता. उकिडवं बसून. उजवा गुडघा डाव्याइतकाच दुमडलेला, बादली दोन्ही मांड्यांत धरलेली, आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होता. एक बकरी झाली, तो उठला, दुसरीमागे जाऊन पुन्हा बसला.

सिदोरा कुंपणाशी उभी राहिली. सहावी बकरी झाल्यावर त्याने मान वळवली. बादली कलंडली.

"तू?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू गेलीस. काल संध्याकाळी बघायला गेलो, खुंटा मोकळा. म्हटलं, करडं खालीच ठेवून वर आली आणि परस्परच गेली, निरोपही न घेता. मी खोड वर घेतलं." मग त्याचं लक्ष तिच्या पायाकडे, हनुवटीकडे गेलं. "कुठून आलीस? बकऱ्यांच्या वाटेने? वेड लागलंय का तुला?"

"किती वर्षं वाकतोय तो?" सिदोराने विचारलं.

त्याने गुडघ्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"दुखतो तो. खोटं नाही बोलत मी. खूप दुखतो."

"दुखतो ते विचारलं नाही. वाकतो किती वर्षं?"

बाकिसने कलंडलेली बादली सरळ केली. "पाच असतील," तो म्हणाला. "सहा. आधी खरंच वाकत नव्हता. मग वाकायला लागला, तर… सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. भीती होती, आणि ती सिदोराच्या इतक्या ओळखीची होती की तिचा राग निम्मा तिथेच ओसरला. पण निम्माच.

"आता नऊ वाजले," बाकिस म्हणाला. "बारापर्यंत नाही पोचायचीस, असल्या पायांनी तर नाहीच. बस. दूध गरम करतो. पुढच्या—"

"करडं खाली आहेत," ती म्हणाली. "पोतं भिंतीपाशी टाकलंय. उतर आणि घेऊन ये."

ती आत गेली, जत्रेचे बूट घातले, ओळखपत्र घेतलं आणि निघाली. त्याने मागून हाक मारली की नाही हे ती सांगत नाही. एवढं खरं की ती वळली नाही.

गावच्या वेशीशी आली तेव्हा चर्चच्या घड्याळाचे बारा ठोके पडून गेले होते. तिने ते खालच्या ओढ्यात असतानाच ऐकले होते आणि मोजले होते. तरी ती चालत राहिली. मल्लेनाने सही केली असेल, तिला दोन नातवंडं आहेत, तिचं काही चुकलं नाही, असं स्वतःला बजावत ती कचेरीच्या पायऱ्या चढली.

आत टेबलाशी कारकून लुसोरिओ कपाळाला हात लावून बसला होता. समोर मल्लेना, नाकावर चष्मा, हातात पेन. ती कागद मोठ्याने वाचत होती, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"कलम नऊ. 'स्वयंपाकघरातील भांडी…' यात पातेल्याची झाकणंही धरलीत का, बाळा?"

"झिया मल्लेना, मावशी, पाय धरतो," लुसोरिओ म्हणाला. "वीस मिनिटं झाली. सही करा, मला जेवायला जायचंय."

"न वाचता मी सही करत नाही. माझ्या बापाने न वाचता सही केली आणि रान गेलं." तेवढ्यात तिने वर बघितलं. दारात उभ्या बाईची फुटकी हनुवटी, फाटलेला झगा, जत्रेचे बूट तिने एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले. चष्मा काढला. पेन टेबलावर ठेवलं.

"अकरा कलमं आहेत," ती सिदोराला म्हणाली. "बारावं नाही. आणखी किती वाचत बसणार होते? कुठे मेली होतीस?"

मल्लेना उठली आणि तिने खुर्ची तिच्याकडे सरकवली. लुसोरिओने घड्याळाकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं, आणि भुकेल्या माणसाच्या शहाणपणाने घड्याळाबद्दल काही बोलला नाही. त्याने नवा कागद काढला.

"आडनाव, नाव."

"फोद्दिस, इसिदोरा."

"जन्म?" तिने सांगितला. "राहण्याचा पत्ता? काला सुर्दा, असंच लिहितो ना, झिया सिदोरा? जुन्या अर्जात तेच आहे."

"नको," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

मल्लेना काहीतरी बोलायला गेली. सिदोराने हात वर करून तिला थांबवलं. खिडकीबाहेर बालवाडी सुटली होती, पोरांचा कालवा चालला होता, आणि तिला त्या आवाजाची अजूनही भीती वाटत होती.

"संध्याकाळपर्यंत बघते आणि सांगते," ती म्हणाली. "ती जागा कोरी ठेव. तिथलं मात्र लिहू नकोस."